हद्रा जुने फायनल २

गुरुवारी साडेचारला ऑफिस रिकामं.
मुहर्रकमध्ये शुक्रवार गुरुवारीच लागतो.
खाली चहावाल्यापुढे गाड्या नुसता हॉर्न देतात,
कडक चहा काचेतून आत जातो.

मी आणि नकाशाचे अकराशे चाळीस थर.
किनाऱ्याचे, भरावाचे, नाल्यांचे, केबलींचे.
ज्याने त्याने सुचेल ते नाव ठेवलेलं:
नवीन किनारा. नवीन किनारा खरा.
रीजेशला विचारून वापरा.
रीजेश तर तीन वर्षांपूर्वीच कोझिकोडला परतला.

सल्लागारांचा नियम आलाय:
सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नको,
आधी वर्ष, मग विभाग, मग विषय.
हाताने करत बसले तर रमजान उजाडेल.
म्हणून काळी खिडकी उघडते, चार ओळी लिहिते:
या फोल्डरमधलं एकेक उचल,
जुनं नाव सोडव, नवं घाल, पुढे हो.

थर म्हणजे एक फाईल नव्हे,
चार भावंडं असतात एका नावाची.
एकात आकार, एकात माहिती, एकात क्रम,
आणि एकात गोल पृथ्वी सपाट कशी केली त्याचा कबुलीजबाब.
एकाचंच बदललं, तीन तशीच राहिली,
तर घर उघडत नाही.

आधी ओळीपुढे एको लावलं.
एको म्हणजे नुसतं बोलून दाखव, करू नकोस.
(सासूबाईंचं तसंच असे: "करते हं मी,"
आणि पाय पसरून बसलेल्या.)
नावं सरसर वर गेली. सगळं ठीक वाटलं.
एको काढलं. एंटर.

अकरा सेकंद.
मग मोजले: अकराशे एकोणचाळीस.

मोठ्या अक्षरांतला हद्रा आणि लहान अक्षरांतला हद्रा
लहान करताच एक झाले.
दुसरा जाऊन पहिल्यावर बसला,
न विचारता. विचार म्हणून मी सांगितलंच नव्हतं.
बॅकअपची डिस्क सोमवारपासून भरलेली.

गेला तो मकी साहेबांचा.
ओहोटीत मासे अडकवायचे काड्यांचे सापळे, एकेचाळीस,
त्यांनी माझ्याशेजारी बसून बोटाने दाखवलेले.
तिथे आता पार्किंग आहे, गाद्यांचं दुकान आहे,
आणि एक सिग्नल, जो फार वेळ लाल राहतो.

माझंही नाव एकदा बदललं होतं.
ताटभर तांदूळ, वर अंगठीने काढलेली दोन अक्षरं,
ऋता. सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला असणार.
पासपोर्टवर शर्मिष्ठाच राहिले,
इथल्या कार्डावर दोन्ही, मध्ये एक जागा.
जागा असलेलं नाव शेलला कळत नाही,
ते दोन माणसं समजतं.
अवतरणचिन्हांत धरावं लागतं, दोन्ही बाजूंनी,
ओंजळीत धरतात तसं.

फोन केला. माफी मागायचे तीन प्रकार मनात तयार होते.
मकी साहेब त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले,
"बेटी, मैंने तुमको बताया था.
उधर थोड़ी रखा था."

रविवारी आले, खिशात भिजवलेले बदाम.
भिंतीवरच्या नकाशावर, डांबरावरून, बोट ठेवत गेले:
हा विधवेचा. हा दोन भावांचा, भांडलेल्या.
हा जिथे माझी बादली गेली.
एकोणचाळीसपर्यंत आलो.
उरलेल्या दोघांसाठी ते बराच वेळ
सिग्नलकडे पाहत राहिले.

चार ओळींत मी पाचवी घातली आहे:
हे नाव दिसलं तर हात लावू नकोस, पुढे जा.
हद्रा जुने फायनल २. जागांसकट, अवतरणचिन्हांत.

सल्लागारांचा मेल आलाय:
एकच थर नियमाबाहेर का?
दुपारपासून उत्तराची खिडकी उघडी आहे,
कर्सर लुकलुकतोय.